अर्ध्या ट्यूबचं विरजण

चंद्रीनं लाथ मारली ती थेट माझ्या चहाला. कप गव्हाणीत, चहा माझ्या एप्रनवर, आणि सुभद्रामावशी गाईला विचारतायत, "लागलं का गं माय तुला?"

"मावशी, लाथ तिनं मारलीय."

"व्हय, पण ती मुकी हाय. तुमाला बोलता येतंय."

मी जनावरांची डॉक्टर. शिरूर कासार तालुक्यातल्या एका दवाखान्यात नोकरी करते. चिडका स्वभाव आहे, पण चिडून कामावर गेले तरी या वस्तीवरून हसतच परत येते. त्या दिवशी मात्र हसायची सोय नव्हती. चंद्रीला मॅस्टायटिस झाला होता. आमच्याकडं याला दगडी म्हणतात, आणि शब्द अगदी नेमका आहे: कास सुजून दगडासारखी होते, दुधात गुठळ्या येतात. संकलन केंद्रवाल्यानं तिचं दूध परत पाठवलं होतं.

मी सडातून सोडायच्या ट्यूबांचा पूर्ण कोर्स आधीच दिला होता. ही ट्यूब म्हणजे लांब तोंडाची प्लास्टिकची पिचकारी. एका सडाला, एका वेळी, आख्खी एक. कोर्स संपला तरी फरक शून्य.

मावशींची सून मीरा शेण भरता भरता हळूच म्हणाली, "मॅडम, दसऱ्याला मुकादम येणार हाय. गाय उभी राहिली तर आमी जात न्हाई. न्हाई राहिली तर कोयता."

कोयता म्हणजे इथं नुसतं हत्यार नाही. ऊस तोडायला जाणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादम अशा जोड्या ठरवून कारखान्यावर नेतो. मीरा लग्न झाल्यापासून दरवर्षी गेली होती. यंदा ही गाय घेतली आणि तिनं नवऱ्याला, गणेशला, सांगून टाकलं की आपण दूध घालायचं, फडात उसाच्या पाचटावर झोपायचं नाही. सगळा बेत चंद्रीच्या कासेवर टांगलेला, आणि कास दगड झालेली.

मग मी कल्चर करायचं ठरवलं. काम साधं असतं. सड स्पिरिटनं पुसायचे, पहिल्या धारा सोडून द्यायच्या, पुढचं दूध निर्जंतुक बाटलीत घेऊन बर्फात लॅबला पाठवायचं. तिथं ताटलीत जंतू वाढवतात आणि वर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवतात. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ रिंगण दिसतं. नसेल तर टिकली जंतूंच्या गर्दीत तशीच बसून राहते.

लॅबवाल्यानं फोटो पाठवला. जवळजवळ सगळ्या टिकल्या बसून होत्या. माझ्या कोर्सची, बाजारात मिळणाऱ्या भारीतल्या ट्यूबची, एकीभोवतीही रिंगण नव्हतं. फक्त एका टिकलीभोवती बटणाएवढं स्वच्छ गोल. ते औषध इतकं जुनं की आमच्या कपाटात मागच्या रांगेत पडून असतं. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. शिपायाला वाटलं बदली झाली.

त्या औषधाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या तालुकाभर फिरेल आणि परवा तेही निकामी होईल.

पण डोक्यात किडा वळवळत होता. पहिलटकरू गाय, एकदाच आजारी पडलेली. हिच्या कासेत एवढे निर्ढावलेले जंतू आले कुठून? विचारायला वस्तीवर गेले. मावशींनी पुन्हा चहा ठेवला, आणि मी या वेळी गाईपासून लांब बसले. तेवढ्यात शेजारच्या कांताबाई दारात आल्या.

"सुभद्रे, ती अर्धी ट्यूब दे गं. आमच्या गाईची बी कास पुन्ना सुजलीय."

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मी मावशींकडं बघितलं. मीरा पदर तोंडात धरून आत पळाली.

"मावशी, कसली अर्धी ट्यूब?"

"आवो, तुमीच दिल्याल्या. अर्धी चंद्रीला, अर्धी शेजारी."

"का?"

"कावून म्हंजी? दारात आलेल्या बाईला विरजण न्हाई म्हणत्यात का? मग औशिदाला कसं न्हाई म्हणावं?"

मी कपाळाला हात लावला. मग जे सांगितलं ते असं: अर्ध्या ट्यूबनं कमजोर जंतू मरतात, दांडगे जगतात. जगलेल्यांना औषधाची सवय होते. आणि ट्यूबचं तोंड एका गाईच्या सडातून निघून दुसरीच्या सडात गेलं, की दांडगे जंतूही सोबत जातात.

"तुम्ही औषध उसनं नाही दिलंत मावशी. विरजणच दिलंत. आणि ते लागलंय सगळ्यांच्या गाईंना."

मावशी खाली बसल्या. "आगं माय माय. म्हंजी समद्या गल्लीची दगडी माझ्या हातनं?"

"सगळी तुमच्या हातनं कशी होईल? तुमच्याकडं आधी कुणाच्या अर्ध्या ट्यूबा आल्या होत्या?"

त्यावर कांताबाई गुपचूप घराकडं वळल्या. मी त्यांना थांबवलं आणि सांगितलं, गल्लीतल्या सगळ्या अर्ध्या ट्यूबा इथं आणा, कुणाला रागावणार नाही. हे वाक्य खोटं होतं, पण उपयोगी पडलं.

आणि काय सांगू, ट्यूबा यायला लागल्या. तांदळाच्या डब्यातून, देवळीतून, शिलाई मशीनच्या खणातून. एक आजोबा ब्रशच्या ग्लासातून घेऊन आले. मी त्यांच्या दातांकडं बघितलं, ते म्हणाले, "काळजी करू नगा, मी मशेरी लावतो." त्यानंतर मला रागावता आलंच नाही. सगळी गल्ली हसत होती, मावशी तर डोळे पुसत हसत होत्या.

गल्लीतल्या सगळ्या गाईंच्या दुधाचे नमुने घेतले. लॅबच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, एवढ्या बाटल्या? तुम्ही दवाखाना चालवताय का डेअरी?"

"साहेब, सगळ्या गल्लीत एकच जंतू निघतो का बघायचंय."

"निघाला तर?"

"तर एका गाईचा इलाज करून भागणार नाही."

एकच निघाला. इलाजही मग गल्लीचा झाला. ठणठणीत गाय आधी पिळायची, आजारी शेवटी. पिळून झालं की सड आयोडिनच्या पाण्यात बुडवायचे. त्या जुन्या औषधाचं इंजेक्शन मी स्वतः देणार, कोर्स पुरा होणार, आणि लॅब हो म्हणेपर्यंत आजारी गाईचं दूध केंद्रावर जाणार नाही. मीरानं एकही वेळ चुकवली नाही. शेजारणीच्या गोठ्यात जाऊनही ती दटावायची, "आत्याबाय, हात धुवा आधी."

दसऱ्याला मी वस्तीवर पोचले तेव्हा मुकादम बाजेवर बसलेला होता. गणेश मान खाली घालून. मी चार वाट्यांचं पॅडल काढलं. एकेका सडाचं दूध एकेका वाटीत, त्यात जांभळं द्रावण. दूध निरोगी असेल तर पाण्यासारखं पातळ राहतं, आजारी असेल तर चिकट होतं. मी पॅडल फिरवलं. पहिली वाटी पातळ, दुसरी पातळ, तिसरीही. चौथी शेंबडासारखी घट्ट.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. "हा सड गेला. आटवून टाकावा लागेल. बाकीचे तीन स्वच्छ आहेत, आणि लॅबही हो म्हणाली."

"म्हंजी गाय गेली का राहिली?" मुकादमानं विचारलं.

मीरा उठली. तिनं कळशी घेतली, चंद्रीचे तीन सड पिळले आणि कळशी मुकादमासमोर ठेवली. काठापर्यंत नव्हती भरली, पण बरीच वर आली होती.

"दादा, यंदा आमचा कोयता धरू नगा."

गणेशनं मान वर केली. "न्हाई येत आमी."

मुकादम चहा पिऊन गेला. मी स्कूटीवर बेसूर गाणं म्हणत परतले, वाटेतल्या शेळ्याही बाजूला झाल्या.

एवढ्यावरून मी एकच शिकले, आणि जाईन तिथं सांगते. शेजारणीला मीठ द्या, पीठ द्या, तिची गाय आटली तर दूधही द्या. ट्यूब मात्र देऊ नका.