गाव यादीत नसलेली बाई

ऑक्टोबर २००३, दसऱ्यानंतरचा सोमवार. शस्त्रपूजेसाठी बाहेर काढलेल्या रायफली, नंबर ताडून, कपाटात परत ठेवण्याचं काम चालू होतं. तेवढ्यात ठाण्याच्या आवारात एक ट्रॅक्टर शिरला आणि ट्रॉलीतून दहा-बारा माणसं उतरली. पुढे दोन भाऊ, त्यांच्या मध्ये दंडाला धरून आणलेला एक माणूस. शर्ट फाटलेला, ओठ सुजलेला. त्या प्रकरणातलं सगळ्यात आधी मला आजही तेच आठवतं, त्याचा ओठ. कारण पुढे दोन दिवस मी त्याच्या तोंडाकडे बघून एकच गोष्ट ठरवत होते: हा खरं बोलतो आहे की नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात, सावली तालुक्याच्या बाजूच्या एका ठाण्यात मी तेव्हा सहायक निरीक्षक होते.

"बाई, यानं आमच्या बहिणीले मारून टाकलं," थोरला भाऊ म्हणाला. "शुक्रवारपासून पत्ता नाई तिचा. याले आत टाका, नाई तर आमच्या हवाली करा."

"हवाली करायला तो काय धानाचं पोतं आहे? आधी खाली बसा. आणि याच्या ओठाला काय झालं?"

"पडला तो."

"दोघांच्या मध्ये बरा पडला."

हकीकत अशी होती. बाईला मी इथे सुमन म्हणते, खरं नाव ते नाही. शुक्रवारी नवऱ्याशी, म्हणजे याच माणसाशी, भांडण झालं आणि ती घरातून निघाली. माहेरी पोचली नाही. रविवारी गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तिच्या चपला आणि कपड्यांचं गाठोडं सापडलं. मिसिंग नोंदवून मी गावातल्या ढिवरांना जाळी घेऊन तलावात उतरवलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या जाळ्यात शिंगाड्याच्या वेली आणि एक फुटकी घागर आली.

दरम्यान नवऱ्याला चौकशीसाठी बसवलं होतं. बायकोचं पूर्ण नाव विचारल्यावर तो थबकला. त्याची आई बाहेर बसली होती, तिला विचारलं, तर तीही घुटमळली. "सुमन... का सुमित्रा... असंच कायतरी आहे जी." हवालदारांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. सुनेचं नाव घरात कुणाला सांगता येत नाही, यात काहीतरी काळंबेरं आहे असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं.

"मारलं का तिला?" मी विचारलं.

"हो बाई. मारलो."

हवालदारांनी लगेच कागद पुढे ओढला. मी हातानं त्यांना थांबवलं.

"कशानं?"

"हातानं. थापडा देल्लो. धान कापाले आला अन् ही माहेरी जातो म्हनत होती."

"मग?"

"मंग ती गेली. कुठी गेली, मले का मालूम?"

आपल्या भाषेत थापड मारणं आणि जीव घेणं, दोन्हींना एकच शब्द पुरतो. घाईत लिहिलेल्या जबाबात त्या एका शब्दावर माणूस आयुष्यभर अडकू शकतो. न्यायालयात पोलिसांपुढचा कबुलीजबाब टिकत नाही हे खरं, पण तोवर गाव निकाल देऊन मोकळं झालेलं असतं. तलावावरच्या चपलांनी तो जवळजवळ दिलाच होता. वरिष्ठांचाही फोन आला: खुनाचा गुन्हा दाखल करा, अटक दाखवा, लोक रस्त्यावर बसायच्या आत. मी एक दिवस मागून घेतला. प्रेत नाही, हत्यार नाही, आणि नवरा मारल्याचं कबूल करतानाही अजून बायकोवर चिडलेलाच होता. बायकोला संपवून आलेला माणूस तिच्यावर असा चिडून बोलताना मी तरी पाहिला नव्हता. असे लोक तिच्याबद्दल फार चांगलं बोलतात.

मंगळवारी सकाळी एक बांगडीवाले चाचा सायकल भिंतीला टेकवून आत आले. आठवडी बाजारांत फिरून बांगड्या भरणारा माणूस. लोकांच्या तोंडून ऐकून आले होते.

"मॅडम, शुक्रवार को फाट्यावर एक बाई पाहिली होती. बुखारमध्ये नुसती बडबडत होती. पायात चप्पल नाई. बाजाराच्या बायांनी तिले काली-पिली जीपमध्ये आडवी टाकली अन् गाडी चांद्याकडे गेली."

"तीच होती का?"

"चेहरा पदराखाली होता, मॅडम. झूट कशाले बोलू?"

एवढं पुरे होतं. चांदा म्हणजे चंद्रपूर; ठाण्याची जीप घेऊन ते गाठलं. रुग्णालयांत विचारत विचारत, एका मोठ्या रुग्णालयापाशी काली-पिलीवाल्यानं तापाची बाई उतरवल्याचं कळलं. पण बायकांच्या वॉर्डात ती नव्हती. परिचारिकांच्या पाळ्या बदललेल्या, त्या दिवसांत मलेरियाचे इतके रुग्ण की कोण कुठे गेलं कुणाला आठवेना. "कॉम्प्युटरवर बघा," सगळ्यांनी सांगितलं. कॉम्प्युटर तिथे नवाच आला होता आणि त्याचं म्हणणं अखेरचं मानलं जात होतं.

ऑपरेटर बल्लारपूरची एक तरुण मुलगी होती. हुशार, तोंडानं फटकळ. मी सांगितलं: शुक्रवारपासून दाखल झालेल्या, आमच्या तालुक्यातल्या, ताप असलेल्या बायका. तिनं भराभर बटणं दाबली. यादी आली. त्यात सुमन नव्हती, तिच्या वयाचीही कुणी नव्हती.

"नाई आहे, मॅडम."

"पुन्हा बघा."

"सिस्टीममध्ये नाई म्हणजे नाई. दहादा दाबलं तरी तेच येईल. अन् माझी गाडी सुटते."

मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. कॉम्प्युटर मला येत नव्हता, पण उलटतपासणी येत होती. हा रिपोर्ट बनतो कसा, ते सांग म्हटलं. तिनं आधी सुस्कारा टाकला, मग सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. सगळी माहिती एका ठिकाणी नसते. एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, रुग्ण, दुसऱ्यात त्यांचे आजार, तिसऱ्यात दुसरीकडे हलवलेले, चौथ्यात गावं. रुग्णाच्या टेबलात गावाचा फक्त कोड. गाव कोणत्या तालुक्यात आहे, हे गावांच्या टेबलात. क्रमांक जुळवून टेबलं एकमेकांना जोडायची, मग वरून फिल्टर लावायचे, म्हणजे हवे तेवढेच गाळून घ्यायचे.

"मग सगळे फिल्टर काढ. शुक्रवारपासून आलेले सगळे दाखव."

तिनं काढले.

"आता नुसतं रुग्णांचं टेबल उघड. तेवढेच आहेत का?"

तिनं दोन्ही खिडक्या शेजारी लावल्या आणि ओळी मोजल्या. टेबलात माणसं जास्त होती, रिपोर्टात कमी. ठाण्यात सकाळच्या हजेरीला माणसं कमी भरली तर मी आधी विचारते, कोण नाही? तिलाही तेच विचारलं. बाकीचे कुठे गेले?

"मॅडम," ती हळू म्हणाली, "ज्यांच्या गावाचा कोड नाई, ते रिपोर्टमध्ये येत नाई. जोडणीच तशी आहे. दोन्ही टेबलात जुळलं, तरच दिसते."

"आणि कोड कुणाला नसतो?"

"गावांची यादी महसुलाची आहे. त्यात वनगावं नाईत."

"म्हणजे जंगलातलं गाव असेल तर माणूस आजारीच पडला नाही?"

"मी नाई ना केली यादी!" ती उसळली. पण तोवर तिची बोटं चालू झाली होती. जोडणी बदलून तिनं गाव जुळो न जुळो, सगळे रुग्ण ठेवले. मग नवा फिल्टर लावला: बाई, ताप, शुक्रवारपासून, गावाचा कोड रिकामा. गाडीची वेळ होऊन गेली होती. तिनं घड्याळाकडे बघितलं नाही.

चारच ओळी आल्या. तिसऱ्या ओळीत नावाच्या जागी लिहिलं होतं: जांभळीवाली. वय अंदाजे तीस. मेंदूला चढलेला मलेरिया. बेशुद्ध.

सुमनचं माहेर जांभळी नावाचं वनगाव होतं, हे मिसिंगच्या अर्जात मीच लिहिलं होतं. मी तिथूनच ठाण्यात फोन लावला आणि सासूला फोनवर बोलावलं.

"म्हातारे, सुनेला हाक कशी मारता तुम्ही?"

"जांभळीवाली म्हनतो जी. लग्न होऊन आली तवापासून. पूरा गाव म्हनते."

झाडीपट्टीतल्या सुना माहेरच्या गावाच्या नावानं ओळखल्या जातात. माझ्यासारखीला, घाटापलीकडून आलेलीला, हे दहा वर्षांत कानावरून गेलं नव्हतं असं नाही, पण अर्ज भरताना नावाच्या रकान्यात शाळेच्या दाखल्यावरचंच नाव जातं. बाजारातल्या बायकांनी मात्र गाडीवाल्याला जे माहीत होतं तेच सांगितलं होतं, आणि रुग्णालयानं जांभळी हेच तिचं गाव धरलं होतं; ते यादीत नाही, म्हणून कोड रिकामा.

ऑपरेटरनं तोवर रुग्ण क्रमांक हलवलेल्यांच्या टेबलाशी जोडला होता. शनिवारी पहाटे नागपूरला पाठवली. नागपूरच्या वॉर्डातली सिस्टर फोनवर म्हणाली, "हो, आहे ना. आज दुपारी डोळे उघडले. सासूनं कोंबड्या झाकल्या का म्हणून विचारते आहे."

हा निरोप सासूला कळवला.  म्हातारी रडत रडत म्हणाली, "तेच आहे जी ते! दुसरं कोन विचारन?"

मी खुर्चीत मागे टेकले. ऑपरेटरनं न विचारता चहा मागवला आणि माझ्या कपात बशीभर जास्त ओतला. नवऱ्याला ताबडतोब घरी सोडायला सांगितलं, वरिष्ठांना कळवलं. भावांना ठाण्यात ऐकवलं तेव्हा धाकट्यानं म्हणे पहिली नागपूरच्या गाडीची वेळ विचारली.

या प्रकरणानंतर माझ्या ठाण्यात मिसिंगच्या अर्जावर मी एक ओळ हातानं वाढवली: गावात काय म्हणतात? आणि कुणी 'रेकॉर्डला नाही' म्हणालं, की मी ते उत्तर म्हणून घेतलं नाही. शोध कसा घेतला आणि त्या शोधात कोण मुळात येऊच शकत नव्हतं, हे आधी विचारलं. पुढे चार-दोन माणसं त्याच प्रश्नावर सापडली.

त्या बुधवारी सकाळी सासूला आणि थोरल्या भावाला घेऊन मी नागपूर गाठलं. सुमन उशीला टेकून बसली होती, आवाज खोल गेलेला, नजर पक्की. पाळीवर तोंड धुवायला बसल्याचं तिला आठवत होतं, पुढचं काही नाही. सगळं लिहून झाल्यावर मी कागद मिटला.

"बाई, थापडा मारल्या ते लिहिलं का?"

"तक्रार द्यायची आहे?"

"जाऊ दे ना वो आता," भाऊ मध्येच म्हणाला. "जीव वाचला ना?"

"तू चूप राय, दादा. ताप त्यानं नाई दिला. थापडा त्यानंच देल्ल्या. लिहा बाई."

मी लिहिलं, वाचून दाखवलं, तिचा अंगठा नव्हे, सही घेतली. मग खाली येऊन बूथवरून ठाण्याला फोन केला आणि नवऱ्याला बोलावून घ्यायला सांगितलं.

"मॅडम, पुन्हा?" हवालदार म्हणाले. "कालच तर सोडला त्याले."

"काल, न केलेल्या गुन्ह्यातून सोडला," मी म्हटलं. "आज, केलेल्या गुन्ह्यासाठी बोलवा."