रिफंडवाले साडू

खानदेशातील समस्त पगारदार, पेन्शनर आणि त्यांच्या कुटुंबीयांना कळवण्यास अत्यंत गांभीर्य वाटते की, सरकारच्या खिशात गेलेला पैसा परत काढून आणणारा माझ्या थोरल्या साडूंसारखा माणूस तापीच्या अलीकडे झालेला नाही. पलीकडे झाला असेल, तर साडूंनी त्याला अजून मान्यता दिलेली नाही. साडू अमळनेरला राहतात. हिशेबाच्या टेबलावर नोकरी करून ते निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल अंगावर पडत असतानाच त्यांनी अध्यक्षांच्या कानात विचारलं, "साहेब, घराच्या कर्जाचं व्याज दाखवलं का यंदा?" अध्यक्ष उरलेलं भाषण विसरले, पण पावसाळ्यात त्यांचा रिफंड आला आणि तेव्हापासून ते साडूंना वाकून नमस्कार करतात.

साडूंना माणूस दिसतच नाही, त्याच्या वजावटी दिसतात. बारशाला गेले की पाळण्यात डोकावून म्हणणार, "मुलगी ना? उद्याच पोस्टात खातं काढा." लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीला बसले की शेजाऱ्याच्या पानावर तूप पडण्याआधी त्याचा विमा विचारून होतो. माझी मेहुणी म्हणते, "आमच्याकडे देवापुढे उदबत्ती नंतर लागते, आधी इन्कमटॅक्सची साइट उघडते. आणि साइट उघडली, की हे तिलाच हात जोडतात." या सगळ्याची फी म्हणाल तर कपभर चहा. उलट कुणाच्या मोबाइलवर रिफंड जमा झाल्याचा मेसेज आला आणि तो अहिराणीत "भेटना!", म्हणजे मिळाला, म्हणून ओरडला, की हेच स्वतः जाऊन जिलबी आणतात. रिफंड दुसऱ्याचा, जिलबी यांची. मी एकदा म्हटलं, "साडूभाऊ, या जिलबीची वजावट मिळते का?" त्यांनी खरंच थोडा वेळ विचार केला.

पण साडूंची सगळ्यात मोठी करामत म्हणजे अक्का. अक्का त्यांच्या नात्यातल्या, शिंदखेड्याकडच्या. नवरा गेल्यावर गावचं घर मिटलं. एक मुलगा धुळ्याला मास्तर, दुसरा जळगावला इंजिनिअर, आणि दोघांनी आईची महिन्या-महिन्याची पाळी लावलेली. पुरतं सोडायलाही कुणी जायचं नाही. धुळेवाला अमळनेरपर्यंत आणायचा, जळगाववाला अमळनेरहून न्यायचा. हा बदल साडूंच्या ओट्यावर व्हायचा. अक्का गाठोडं मांडीवर घेऊन बसायच्या आणि दोघे भाऊ "गेल्या महिन्यात एकतीस दिवस होते" यावर हुज्जत घालायचे.

साडूंनी हे काही महिने पाहिलं. मग एका बदलाच्या दिवशी दोघांना चहा पाजून सहज म्हणाले, "म्हातारीचा विमा नाही ना? मग तिच्या औषधपाण्याचा खर्च जो करेल, त्याला वजावट. रोखीने नको, बँकेतून करा. जो जास्त करेल, त्याचा रिफंड मोठा."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग जळगाववाला म्हणाला, "आईचा मोतीबिंदू आम्हीच करणार होतो." धुळेवाला ताडकन उठला, "गुडघे कुणी दाखवले? गुडघे आमचे!"

त्यानंतरची वर्षं म्हणजे अक्कांचं राज्य. डोळे एकाने केले, दात दुसऱ्याने. पाळी संपली तरी मुलगा सोडेना. दुसरा थेट दारात न्यायला हजर. सुना पथ्याचं करून वाढू लागल्या. गंमत अशी, की आधी बिलासाठी दवाखान्यात सोबत बसणारे मुलगे हळूहळू आईशी बोलायलाही लागले. धुळेवाल्याला तिथेच कळलं, की आईला सिनेमातली गाणी पाठ आहेत. साडू मला डोळा मारून म्हणायचे, "कायदा वाईट नसतो हो, वाचणारा पाहिजे."

आणि मग नवी करप्रणाली आली. दर कमी, पण असल्या वजावटींना जागाच नाही. साडूंनी दोघा भावांचा हिशेब जुन्या पद्धतीने केला, नव्या पद्धतीने केला, चष्मा पुसून पुन्हा केला. दोघांनाही नवीच फायद्याची निघत होती. मी तिथेच होतो. म्हटलं, "सांगा ना, जुनीच बरी म्हणून. कोण तपासायला येतंय?"

"खोटा आकडा सांगू?" साडू माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी देवळातली समई पळवायला सांगितली होती. मग त्यांनी दोघांना फोन लावले आणि खरं ते सांगितलं. धुळेवाला खूश झाला. "वा, म्हणजे ती बिलंबिलं ठेवायची कटकट गेली!" जळगाववाल्याने तर विचारलं, "मग आईची पाळी एक तारखेपासूनच धरायची ना?"

त्या एक तारखेला मी अमळनेरला गेलो होतो. धुळेवाला अक्कांना ओट्यावर बसवून परतीच्या एसटीने निघून गेला होता. जळगाववाल्याला यायला उशीर होता, फोनही उचलत नव्हता. मेहुणीने पोळी-भाजी वाढून आणली. साडू समोर खुर्चीवर बसून होते. जन्मभर प्रत्येकासाठी कुठलं ना कुठलं कलम शोधून काढणारा हा माणूस त्या दिवशी नुसता अक्कांच्या गाठोड्याकडे बघत होता. मी म्हटलं, "साडूभाऊ, तुमचं काय चुकलं? बरोबरच सांगितलंत तुम्ही." ते म्हणाले, "तेच तर," आणि चष्मा काढून त्यांनी पंच्याने डोळे दाबले. एवढा साठीपार माणूस, पण खांदे हलताना दिसत होते. मेहुणी आत निघून गेली. मला कुठे बघावं कळेना.

अक्कांनी घास खाली ठेवला, नव्या दातांनी हसल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"रडस काबर रे भाऊ? इतला वरीस रिफंड ते मालेच भेटना!"