विटकरी फॉल

मीनाक्षी पोह्यांना फोडणी देत होती, तेवढ्यात दाराची कडी वाजली. गारखेड्यातल्या तिच्या घरी सकाळी आठला येणारी एकच, करमाडची रत्नमाला. वीस वर्षं साड्यांना फॉल-पिको करणारी. नवऱ्याचं कारखान्यातलं काम सुटल्यापासून सुईवरच घर चालवणारी.

"साडी आणली?"

"नाय. कागद आणलाय."

एमआरआयचा कागद होता. मीनाक्षीनं गॅस बंद करून वाचला. उजव्या डोळ्याच्या नसेभोवती गाठ.

"कॅन्सर नाय म्हणं, साधी गाठ. लाखात एखादीलाच व्हती." रत्नमालाचे दात आवळलेले होते. "दोन साल, ताई! तीन चष्मे! एक म्हणला वय झालं, दुसरा म्हणला मोतीबिंदू पिकू द्या. लाल रंग विटल्यावानी दिसतो म्हणलं, तर तिसरा हसून म्हणतो, मावशी, साडीच विटली असंल."

"मग कळलं कसं?"

"एक पोरसवदा डॉक्टरीण भेटली. औषधाच्या बाटलीचं लाल टोपण धरलं, म्हणली, एक डोळा झाकून बघा, मग दुसरा. डाव्यानं लालभडक, उजव्यानं विटकरी. मग बॅटरी ह्या डोळ्यावर, त्या डोळ्यावर. पाच मिनिटं! म्हणली, मोतीबिंदू नाय, आत नस दाबली जातीय."

विटकरी. मीनाक्षीनं कागद ओट्यावर ठेवला. लेकीच्या, वैदेहीच्या साखरपुड्याच्या लाल शालूला रत्नमालानं विटकरी फॉल लावला होता. सुई ओवताना मिटते तसा डावा डोळा मिटून, उजव्यापुढं शालू नि फॉल दोन्ही धरून निवडलेला. मीनाक्षीनं ते समोर बसून पाहिलं होतं.

"एक टोपण दाखवायला काय जात होतं त्या तिघांचं?" ती कडाडली. "चला, आत्ता जाऊन विचारते!"

"त्यांच्याआधी तुमीच वळखलं व्हतं की. शालूचा फॉल बघून 'डोळे फुटले का तुमचे' म्हणला व्हता."

"रत्नमालाबाई, मी…"

"ऱ्हाऊ द्या. गेलेली नजर बहुतेक येत नाय, डॉक्टरीण म्हणली. किरणांचा शेक देऊन उरलेली राखायची." रत्नमालानं पिशवीतून रिळं भरलेला बिस्किटाचा डबा काढून ओट्यावर आदळला.

"रंग बघताना डावा डोळा आपोआप मिटतो. सुई ओवायची सवय हाय, जाईना. ह्या रिळांवर रंगांची नावं लिहून द्या, ताई. मोठ्या अक्षरात."