बोटांचं पाणी

"हे पातेल्यातलं पाणी फेक आधी," सरांची आई सरांच्या पुतणीले म्हणाली, "अन् गंज राखेनं घास."

मी तिथंच उभी. हातात दोरी, दोरीले दुकानातलं लोखंडी वजन, बोटांवरून पाणी टपकून राह्यलं. गंजातलं सारं पाणी मोरीत गेलं. सरांनी आईले अडवलं नाई.

वडनेरकडच्या आमच्या गावात बारावीच्या फिजिक्सचा हा एकच क्लास. समोर सरांच्या घरचं किराणा दुकान, मागं ओसरी. बाकीचे सतरंजीवर बसायचे. मी खालच्या वस्तीतली, उंबऱ्याजवळ पोत्यावर. माठातलं पाणी सारे आपल्या हातानं घ्यायचे. मले तहान लागली की कोणीतरी वरून ओतायचं अन् मी ओंजळ धरायची. असं कर म्हणून कोणी सांगतलं नव्हतं. सांगावं लागतच नाई. मीही मुकाट पीत होती, कारण मले फार्मसीले जायचं होतं अन् फिजिक्समंदीच मायं घोडं अडत होतं.

त्या दिवशी बॉयन्सीचं गणित होतं. वस्तू पाण्यात बुडवली की जेवढं पाणी बाहेर सांडते, तेवढ्या पाण्याच्या वजनानं ती हलकी लागते. पुस्तकात वाचून कोणालेच कळत नव्हतं. म्हणून सरांनी स्वयंपाकघरातला गंज आणला, काठोकाठ भरला, खाली परात ठेवली. एकेकानं वजन बुडवायचं, परातीत सांडलेलं पाणी मोजायचं.

दोरी आखूड होती. सरांच्या पुतणीची बोटं वजनासंगंच पाण्यात गेली. सर हसले. "अवं, बोटांनंही पाणी सांडते. बोटांचं वेगळं मोज, अन् वजा कर."

मायाही डोक्यात एकदम उजेड पडला. इतक्या दिवसांचं अडलेलं गणित सुटलं. त्या आनंदात मी कोण, कुठं बसतो, काईच ध्यानात नाई राह्यलं. उठली अन् दोरी धरली. मायीही बोटं बुडाली.

तिच्या बोटांचं पाणी वजा झालं. मायं अख्खं पाणी मोरीत गेलं.

नवं पाणी भरून झालं. सर म्हणाले, "तू बस. तू नुसतं पाह्यत जाय."

मी नाई बसली. म्हटलं, "सर, मायी बोटं काऊन वजा नाई केली?"

सरांनी मायाकडं पाह्यलंच नाई. गंजाकडं पाहून बोलले, "लय शहाणी झाली. आईची माफी माग, नाईतर उद्यापासून येऊ नोको."

मी चपला घातल्या.

घरी माय रडली. बाप जिनिंगमंदी कापसाच्या गाठी उचलते, कोणाले उलटून बोलत नाई. तो म्हणाला, "जाय बाई, चुकलं म्हणून टाक. आपलं काय जाते? दुसरा क्लास हाये का?" त्याच्यावर राग नाई आला. त्याचं भेणं पाहून रडूच आलं. खोटं तरी कुठं बोलत होता? हिंगणघाटचा क्लास सुटेपर्यंत गावाची शेवटची एसटी निघून जाते. दुसरं दार नाई.

आता सकाळी एकटीच पुस्तक घेऊन बसतो. बॉयन्सीची गणितं येतात. द्रवाच्या दाबाची पानंच्या पानं डोक्यावरून जातात. विचारू कोणाले? कितीदा तं पुस्तक मिटून नुसती भिंतीकडं पाह्यत राह्यतो.

परवा पुतणी रस्त्यात भेटली. खाली पाहून म्हणाली, "काका म्हणतात, अजूनही ये. फक्त चुकलं म्हण."

नाई म्हणणार. न येणारी गणितं पेपरात कोरी सोडीन. नापास झाली तं पुन्हा बसीन, पुन्हा झाली तं पुन्हा. पण मायं चुकलं नव्हतं. बोटं बुडाली होती, तिची बुडाली तशीच. अन् ओंजळ मी आता कोणापुढं धरत नाई. तहानेली राह्यतो.