बुजवलेला डवरा

शेणवे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात, बाईजाचा पाडा. घरं पाच. वय विचारलं तर ती म्हणते, "साठ असंल नायतर सत्तर," आणि पुढच्या कामाला लागते. कामं संपतील तेव्हा वर्षं मोजायची ना!

दोन वर्षांपासून कल्याणची कुणाली नावाची पोरगी शहरातली तीसेक माणसं घेऊन येते आणि पाड्याखालच्या माळावर तंबू ठोकते. स्वयंपाक बाईजाचा. कुणालीचे नियम कडक. प्लास्टिक नको, साबण नको, जेवायला पळसाच्या पत्रावळी, भांडी राखेनं घासायची. जाताना आपण आलो होतो याची खूणसुद्धा मागे ठेवायची नाही. पहिल्यांदा हे ऐकून बाईजाला हसू आवरेना. जन्मभर ती दुसरं काय करत आली होती? पण पोरगी मनानं चांगली. आलेल्या माणसांना सांगायची, "मावशींकडून शिका." ते ऐकून बाईजाला बरं वाटे. कंबर मात्र दुखायची ती दुखायचीच.

या मे महिन्यातही दोन दिवस तिनं तीस माणसांच्या नाचणीच्या भाकऱ्या थापल्या. रविवारी दुपारी गाड्या निघायच्या बेतात होत्या. शेवटचं पातेलं पालथं घालून ती हंडा काखोटीला मारून ओहोळाकडे निघाली. आता घरचं पाणी भरायचं होतं.

उन्हाळ्यात ओहोळ कोरडा पडतो, पण उंबराच्या मुळाशी वाळूत हातभर खणलं की पाणी पाझरतं. तोच पाड्याचा डवरा. जागा तिला सासूनं दाखवलेली. दर उन्हाळ्यात ती तो खणते, कडेनं दगड रचते, गढूळ पाणी करवंटीनं उपसत राहते. तीन-चार दिवसांनी पाणी नितळ येतं. मग गुरं तोंड घालू नयेत म्हणून वर काट्या टाकायच्या. पाऊस येईपर्यंत पाची घरं त्यावर निभावतात. नाहीतर खाली गावातल्या विहिरीवर जायचं. उतरायला अर्धा तास, भरला हंडा घेऊन चढायला तास. तंबूवाले आपलं पाणी गाडीतून आणत, म्हणून डवऱ्याचं त्यांना सांगावं असं तिला कधी वाटलंच नाही. आपल्या घरात पाणी कुठं असतं हे पाहुण्याला कोण सांगत बसतं?

वाटेत कुणाली भेटली. घामानं निथळत होती, हातात कचऱ्याचं पोतं. "मावशी, माळ होता तसा सोडला बघा! आणि ओहोळात कुणीतरी खड्डा खणून ठेवला होता. आमच्या चौघांनी तासभर खपून तोही बुजवला. दगड, वाळू, सगळं सपाट."

पोत्यात वरच बाईजाची करवंटी होती.

हंडा खाली ठेवून ती म्हणाली, "अगो, तो आमचा डवरा. आमी पितो त्यातलं पाणी."

कुणालीचा चेहरा उतरला. करायला गेली गणपती आणि झाला मारुती! "मला खरंच माहीत नव्हतं हो. थांबा, सगळ्यांना बोलावते, आत्ता खणून देतो."

"नको. तीस जणांनी तुडवल्यावर आठ दिस पाणी नितळायचं नाय. जा तुमी." ती थोडी थांबली. "तुमची खूण पुसा ना गो, कोण नाय म्हणतंय? आमची कशाला पुसलीत?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. एरवी बाईजानं तिच्या पाठीवरून हात फिरवला असता. आज रागवायचं त्राण नव्हतं, समजूत घालायचंही नव्हतं. तिनं पोत्यातून करवंटी काढून घेतली आणि ती चालू लागली.

चार दिवस ती सकाळी हंडा घेऊन गावात उतरली आणि चढली. दुपारी वाळूत बसून एकेक दगड काढला, चिखल उपसला. गुडघे वाकेनात, तेव्हा पाय पसरून उपसला. पाचव्या दिवशी पाण्यात तळ दिसला.

त्या दिवशी तिनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि डवऱ्यावरच्या उंबराच्या फांदीला, लांबून दिसेल अशी बांधली. सासूच्या काळापासून इथं कधी खूण लागली नव्हती.

"माणसं राहतात हितं," ती उंबराला म्हणाली, आणि हंडा भरायला खाली बसली.