प्रार्थनेच्या आडून

नवरा गेल्यावर वर्षभराने मी जालन्याकडचं गाव सोडलं. एसटी निघताना आई खिडकीशी आली आणि म्हणाली, "आधी मंडळी बघ, मग खोली." रडली नाही. मीही नाही. मंडळी म्हणजे आमची चर्चची माणसं.

पुण्याजवळ थेरगावात दोन्ही मिळालं, पण आपलंसं वाटलं ते सुनंदामुळे. पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर तिने माझं नाव विचारलं आणि संध्याकाळी स्वतःची जुनी शेगडी घेऊन दारात उभी राहिली. मी चाकणच्या कंपनीत क्वालिटीला लागले. दिवसभर पार्ट तपासायचे, खराब निघाला की लाल स्टिकर लावून बाजूला. शिफ्ट संपवून आले की बोलायला माणूस एकच, सुनंदा.

तिची एक खोड होती. गुरुवारच्या बायकांच्या सभेत ती दुसऱ्यांच्या घरातलं सगळं 'प्रार्थनेचा विषय' म्हणून सांगायची. एकदा म्हणाली, "मार्थाबाईंच्या सुनेसाठी प्रार्थना करा गं, माहेरी निघून गेलीय." मार्थाबाई समोरच बसलेल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला.

सुनंदाचं चुकलंच. अशा वेळी माझी आई चुकलेल्या बाईच्या घरी जायची, तिच्याबरोबर लसूण सोलत बसायची आणि दोघींतच काय ते सांगायची. मी मात्र प्रार्थनेची पाळी आल्यावर डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, ज्या भगिनीच्या पोटात गोष्ट राहत नाही, तिच्या जिभेला आवर घाल." सगळ्यांनी आमेन म्हटलं. सुनंदाचा आवाज आला नाही.

ती गुरुवारची यायची थांबली. रविवारीही दिसेना. तीन आठवडे मी कामापलीकडे कोणाशी बोलले नाही. मग एका दुपारी तिच्या दारात गेले.

"माफ कर मला. बोलायची पद्धत चुकली माझी."

"बोललात कुठे ताई? देवाला सांगितलंत. त्याला माझ्या खोडी आधीच माहीत आहेत. मी काय तुमचा पार्ट आहे, चारचौघींत लाल स्टिकर लावायला?" मग म्हणाली, "मार्थाबाईंची माफी मागून आलेय मी, त्याच आठवड्यात. पण तुम्ही फार तोडून बोलता. नव्या पोरी घाबरतात तुम्हाला. कोणी सांगत नाही, म्हणून सांगते."

चहा दिला नाही. आत या म्हणाली नाही. आता ती दुसऱ्या मंडळीत जाते.

फोन केला की तुम्ही गावाकडचे विचारता, तिकडे रमलीस का? नाही रमले. कंपनीत, चाळीत, कोणाला माझं काही खटकलं तर लोक गप्प बसतात आणि हळूहळू बोलणं कमी करतात. इतक्या वर्षांत माझी चूक तोंडावर सांगितली ती एका सुनंदाने. त्या दुपारी परत येताना मला तिचा राग आला होता, आणि आपल्या माणसाकडून आल्यासारखंही वाटत होतं.

घर कुठे, असं कोणी विचारलं की मी खोलीचा पत्ता देते. मनात मात्र सुनंदाचा उंबरा येतो. त्याच्या आत मला अजून कोणी बोलावलेलं नाही.