शून्यावरचा काटा

अभिमन सालदाराला मी वीस वर्षं ओळखत होतो, आणि त्या वीस वर्षांत तो बागेबाहेर रमलेला मला आठवत नाही. एरंडोलच्या अलीकडे, आमच्या बांधाला लागून तोताराम नानांची मोसंबी होती. साडेतीनशे झाडं, सगळी अभिमनच्या हातची. मुठीत माती धरायची, दाबायची, सोडायची, आणि आज पाणी हवं की नको ते सांगायचं. आम्ही त्याला ‘वैद्य’ म्हणून चिडवायचो. तो लाजून हसायचा.

नव्वद साली वैद्य चुकला. जास्तीचं पाणी मुळाशी साचलं, खोडांतून डिंक वाहू लागला आणि तीस झाडं गेली. नानांनी त्याला हाकललं नाही. त्याहून वाईट केलं. पद्मालयाला नेऊन गणपतीसमोर आण घ्यायला लावली, की यापुढे आपल्या मनानं पाणी सोडणार नाही.

मग ओल मोजायचा मीटर आला. मातीत पुरलेली, पाण्यानं भरलेली नळी आणि वर काट्याची तबकडी. माती सुकत गेली की काटा चढणार, चाळिसावर आला की मोटार चालू करायची. शून्य म्हणजे भरपूर ओल. खोटं कशाला बोलू, पहिल्या उन्हाळ्यात तिसरा हिस्सा पाणी वाचलं. लोक बघायला यायचे, नाना त्यांना चहा पाजायचे.

पुढच्या हिवाळ्यात बहारासाठी बाग ताणावर सोडली. महिनाभर पाणी बंद, म्हणून मीटरकडेही कोणी फिरकलं नाही. जानेवारीत ठरलेली दोन पाणी दिली, झाडं फुलांनी लगडली, आणि नाना म्हणाले, आता काट्यावर.

काटा शून्यावर. आठ दिवस शून्यावर, बारा दिवस शून्यावर. नाना खूश! अभिमन मात्र रोज झाडाखाली खणायचा. मूठ उघडली की धूळ उडायची.

“नाना, बठ्ठी माटी कोल्ली शे,” तो वाळकी माती पुढे धरून सांगायचा.

“काटा काय खोटं बोलस का? मांगे तुन्हा हातनी काय करं, इसरना का?”

एवढं ऐकलं की तो मान खाली घालून परत यायचा. मला त्याचा संताप यायचा. मोटारीची खोली उघडी, बटण समोर, दाब की बाबा! पण सालदारकीचा करार अखाजीपर्यंतचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतचा, राहायचं बागेतल्याच खोलीत, आणि वर ती आण. सगळीकडून कोंडला होता बिचारा. तबकडीसमोर उकिडवा बसून राहायचा. जेवणही तिथेच.

त्याची बायको द्रौपदाबाई एकदा माझ्यादेखत चिडली. “मोडा ती आन! देव काय झाडं मारासाठे बठेल शे का?”

“देवनी नही मारी,” तो म्हणाला. “ती तीस झाडं मीच मारेल शेतस.”

तेराव्या दिवशी फुलं गळायला लागली. मग ज्वारीच्या दाण्याएवढी फळं. खाली पांढरा-हिरवा सडा पडला, पाय ठेवायला जागा नाही. आता नाना घाबरले, त्यांनी जळगावहून मीटरवाल्या माणसाला बोलावलं.

त्यानं नळीचं झाकण उघडलं, आत डोकावून पाहिलं. नळी रिकामी. फार सुकलेल्या मातीत नळीतलं पाणी निघून जातं, आत हवा शिरते आणि काटा शून्यावर पडतो, तो म्हणाला. ताण दिल्यावर नळी पुन्हा भरायला हवी होती. काटा ओल दाखवत नव्हताच. तो बंद पडला होता.

नानांनी वाकून मूठभर गळालेली फळं उचलली. मग अभिमनवरच खेकसले, “मंग तू काबर नही सोडं पानी? आन गयी खड्डामा! तुन्हा हातले समजत व्हतं ना?”

अभिमननं दोन्ही तळवे धोतराला पुसले.

“समजत व्हतं, नाना,” तो म्हणाला. “पन मन्हा हातवर मन्हाच इस्वास ऱ्हायना नही.”